निकालाच्या दिवशीचा बँड

ढमामावशींना ड्रमच्या पलीकडचं काही दिसत नाही, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. बाई उंचीला बेताच्या आणि ड्रम भलामोठा. पट्टे खांद्यावर चढवून त्या चालू लागल्या की समोरच्याला वाटायचं, ड्रमलाच पाय फुटलेत. वर टोपीचा लाल तुरा तेवढा हलायचा.

त्यांना स्वतःला दिसायचं ते सगळं वरचं. गॅलऱ्या, वायरी, पाण्याच्या टाक्या, दुकानांच्या पाट्यांच्या वरच्या कडा. पण तेवढ्यावर त्यांचं भागायचं. बेकरीचं धुराडं आलं की डावीकडे सरकायचं, कारण उजवीकडे गटाराचं झाकण उचकटलेलं. दवाखान्याचा दिवा दिसला की हात हलका करायचा, आत आजारी माणसं असतात. रस्ता खालून त्यांना कोणी विचारला असता तर कदाचित सांगता आला नसता, वरून मात्र तो त्यांना तोंडपाठ होता.

बँड सासऱ्यांनी, आबांनी, काढलेला. थोरला मुलगा, म्हणजे मावशींचा नवरा, ड्रम वाजवायचा. धाकटा क्लॅरनेट; त्याला सगळे मास्तर म्हणत. एका मिरवणुकीत नवऱ्याला सणसणीत शिंक आली आणि ड्रमसकट त्याची कंबर गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, आता वजन उचलायचं नाही. पुढच्याच आठवड्यात एक लग्न होतं. मावशी तोवर घरी बसून बँडच्या कोटांना इस्त्री करायच्या. नवऱ्याचा ठेका त्यांनी टेबलावर, डब्यावर, जेवणाच्या ताटावर इतकी वर्षं ऐकला होता की झोपेतही चुकला नसता. त्यांनी इस्त्री बंद केली, ड्रमला हात लावून डोळे मिटले, मनात म्हणाल्या, ‘देवा, हात माझे आहेत, जोर तुझा दे,’ आणि पट्टे चढवले.

मास्तर म्हणाले, “वहिनी, लोक हसतील.”

“हसू देत की. लग्नालाच आलेत ना?”

त्या दिवसापासून पोरांनी त्यांना ढमामावशी केलं, आणि मग त्यांच्या सख्ख्या भाच्याही तेच म्हणू लागल्या.

या बँडची एक रीत होती. ड्रम सगळ्यात पुढे. सासरे म्हणायचे, आवाज आधी गेला की वाट आपोआप मोकळी होते. मागच्या वाजवणाऱ्यांचे डोळे आपापल्या बोटांवर. मास्तर तर क्लॅरनेट तोंडाला लावलं की डोळे गच्च मिटून घेत, आंघोळीला बसल्यासारखे. त्यामुळे रस्त्याकडे बघणारं कोणी नाही. ड्रम वळला की बँड वळायचा आणि बँड वळला की मागची माणसं. पुढे कोण, तर जिला समोरचं दिसत नाही ती. देवाच्या भरवशावर चालणारा बँड म्हणतात तो हाच.

मावशी बँडमध्ये आल्या तेव्हा कोट सगळे पुरुषांच्या मापाचे. त्यांच्या अंगावर तो कोट म्हणजे खुंटीवर टांगल्यासारखा. समोरच्या घरात टाकेदादा राहायचे. सिनेमाच्या कपडेपटात कामाला होते. नटांचे कपडे शिवणं, उसवलेलं दोन मिनिटांत बसवणं, हे त्यांचं काम. त्यांनी बायकोकडून माप घेववलं आणि मावशींसाठी वेगळा कोट शिवला. पट्टे रुतू नयेत म्हणून खांद्यांत जाड अस्तर घातलं. कोट घालून मावशी आरशापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “दादा, मी तर सेनापती दिसतेय.”

“सेनापतीला असं अस्तर नसतं, मावशी. तुम्ही त्याच्या वरच्या.”

दादांची लेक तेव्हा डब्याचं झाकण बडवत बँडच्या मागे मागे पळायची. दादा तिला म्हणायचे, “तुझ्या लग्नात मावशी पुढे, बँड मागे, आणि बँडच्या मागे मी सुईदोरा घेऊन. कोणाचं काही उसवलं तर?”

आणि मग ते झालं. एका मोठ्या हिरोचा कोट चित्रीकरणाच्या वेळी बगलेत दाटला. हिरोने सगळ्यांसमोर दादांना शिव्या घातल्या. दादा म्हणाले, “साहेब, कोट तोच आहे, महिन्याभरात अंग वाढलंय.” खरं बोलायची त्यांना खोड होती. हिरोने त्यांना जिन्यावरून ढकललं. दादा पुन्हा उठले नाहीत.

खटला रेंगाळत रेंगाळत चालला. हिरोच्या चाहत्यांचं एक मंडळ होतं. त्याचा अध्यक्ष मोबाइल दुरुस्त करायचा, आणि हिरोसारखेच केस राखायचा. तो एकदा मास्तरांकडे आला. म्हणाला, “निकालाच्या दिवशी बँड पाहिजे. निकाल कधीही लागो, शब्द द्या.”

मास्तरांनी विचारलं, “सुखाचं वाजवायचं की दुःखाचं?”

“सुटले तर सुखाचं. आत गेले तर दुःखाचं, कोर्टासमोर. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला पाहिजे.”

मास्तरांनी हसत हसत शब्द देऊन टाकला. घरी आल्यावर मावशी कडाडल्या, “भाऊजी, जनाची नाही तर मनाची तरी! आपल्या दादांना ज्यानं मारलं त्याच्यासाठी वाजवणार?”

“वहिनी, अहो, सुटतोय कुठला तो! साक्षीदार आहेत, सगळं आहे. त्याला आत पाठवताना पाठवणी मी करणार, तीही सुरात. असं रडकं वाजवीन ना, की तुरुंगाचा दरवाजा स्वतःहून उघडेल.”

आणि मास्तर खरोखर आठवडाभर दुःखाचं गाणं घोटत बसले. शेजारपाजारचे विचारायला लागले, घरात काही बरंवाईट झालंय का.

निकालाची तारीख पुढे पुढे सरकत गेली आणि नेमकी येऊन पडली ती टाकेदादांच्या लेकीच्या लग्नाच्या दिवसावर. लग्न साधंच ठरलेलं. सकाळी कचेरीत सह्या, संध्याकाळी गल्लीतल्या छोट्या हॉलमध्ये जेवण. बँड नाही. दादांच्या बायकोने, वहिनींनी, आधीच बजावलं होतं. “बाप नाही, आणि त्यात त्या दिवशी निकाल. उद्या लोक म्हणतील, ह्यांना काही दुःख आहे की नाही? बँड लावून नाचतायत.”

सह्या करून आल्यावर, नव्या कपड्यांतच, लेक जिना चढून मावशींकडे आली.

“मावशी, संध्याकाळी येशील ना? नुसती जेवायला?”

“येणार तर. न येऊन कुठे जाते?”

“ड्रम नको आणूस हं. आई चिडेल.” पोरगी हसत म्हणाली, पण दाराच्या चौकटीला धरून उगाच उभी राहिली. “लहान होते तेव्हा मी सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, माझ्या लग्नात ड्रम वाजणार म्हणून. वेडीच होते.”

ती गेल्यावर मावशींना इस्त्रीची घडी नीट घालता येईना.

दुपारी निकाल लागला आणि सगळं गाव बुचकळ्यात पडलं. न्यायाधीश म्हणाले, हिरो दोषी आहे. पण मारायचा हेतू नव्हता, रागाच्या भरात घडलं. जामिनाआधी आत काढलेले महिने पुरेत. वर दंड, आणि वर्षभर शाळाशाळांतून जाऊन ‘रागावर ताबा’ या विषयावर मुलांपुढे बोलायचं. म्हणजे संध्याकाळी घरी जेवायला मोकळा.

बेकरीवाली पावाचा ट्रे तसाच हातात धरून म्हणाली, “शाळेतल्या मुलांनी काय घोडं मारलंय?” सलूनमध्ये तोंडाला साबण लावलेली दोन गिऱ्हाइकं शेजारशेजारच्या खुर्च्यांतून हमरीतुमरीवर आली. एक म्हणे दोषी ठरला म्हणजे न्याय झाला. दुसरा म्हणे घरी गेला म्हणजे न्यायाची शोभा झाली. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. “आधी काय ते ठरवा. मान हलवत भांडलात तर पुढचा खटला माझ्यावर होईल.” चाहत्यांचं तर त्याहून अवघड. फटाक्यांची माळ आणून ठेवलेली, पण दोषी ठरलेल्या माणसासाठी ती लावायची कशी? अर्धी माळ लावली आणि विझवली.

सगळ्यात जास्त गर्दी टीव्हीवाल्यांची, वहिनींच्या दाराशी. त्यांना वहिनींचं रडू हवं होतं. वहिनींनी दार लावून घेतलं. आत लग्नाचं घर आणि बाहेर कॅमेरे.

एवढ्यात अध्यक्ष मास्तरांकडे धापा टाकत आला. “घरी आले म्हणजे आनंदाचंच! चौकातून निघायचं, थेट त्यांच्या बंगल्यापर्यंत. ते गॅलरीत येणार आहेत.”

मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो गेल्यावर ते मावशींसमोर खुर्चीत मटकन बसले. “वहिनी, माझं चुकलं. पण शब्द दिलाय. शब्द मोडणाऱ्या बँडला पुढं कोणी लग्नाला बोलवत नाही, हे आबाच सांगायचे.”

“तुम्ही दिलाय. तुम्ही जा. मी ड्रमला हात लावणार नाही.”

“ड्रमशिवाय बँड म्हणजे पायांशिवाय माणूस!”

मावशी तोंड फिरवून कोटाला बटण लावत बसल्या. तेव्हा पलंगावरून नवरा उठला. “ठीक आहे. मी उचलतो.”

“तुम्ही गप पडा.”

“का? शिंक काय रोज येते?” म्हणत त्याने पट्टे खांद्यावर घेतले, ड्रम उचलला आणि अर्ध्यातच, ना खाली ना वर, असा अडकला. तोंडातून आवाज फुटेना. मावशींनी धावत जाऊन ड्रम धरला, मास्तरांनी भावाला धरलं. नवरा पलंगावर आडवा होऊन म्हणाला, “थोडक्यात राहिलं.”

“थोडक्यात हॉस्पिटल राहिलं!” मावशी ओरडल्या. पण हा माणूस पुन्हा उठणार, हे त्यांना डोळ्यांत दिसत होतं. घराण्याच्या शब्दासाठी तो मोडून पडेल. मावशींनी कोट चढवला. ड्रमला हात लावून डोळे मिटले. ‘देवा,’ त्या मनात म्हणाल्या, ‘आज मी काही मागत नाही. मला मागायला तोंड नाही. तूच बघ.’

चौकात ही गर्दी जमली होती. हिरोचे काठीवर लावलेले फोटो, शिट्ट्या, घोषणा. मास्तरांनी डोळे मिटले, क्लॅरनेट लावलं, आणि आठवडाभर घोटलेलं बोटांत बसलेलं, त्यामुळे निघालं ते दुःखाचंच. मागच्या ट्रंपेटवाल्यांनी आनंदाचं सुरू केलं. चौकात कोणी मेलंय की जन्मलंय, कळेना.

अध्यक्ष कपाळाला हात लावून धावत आला. “अहो मास्तर, घरी आलेत ते! घरी!”

“दोषी ठरून आलेत ना? म्हणून जरा मिश्र वाजवतोय,” मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

शेवटी सूर जुळले आणि मिरवणूक निघाली. मावशींचे हात ठेका धरत होते, पण आतून त्या थिजल्या होत्या. बेकरीचं धुराडं आलं, गेलं. दवाखान्याचा दिवा आला, हात हलका झाला. मागून पोरं हिरोच्या नावाने ओरडत होती. मावशींना वाटलं, प्रत्येक ठोका आपण दादांच्या छातीवर मारतोय.

मग डावीकडे, पाट्यांच्या वर, त्यांना आपल्या गल्लीच्या तोंडाची गॅलरी दिसली. वहिनींची. तिथे लग्नाची म्हणून कोणीतरी दिव्यांची माळ लावली होती, पण ती पेटवलेली नव्हती. लोक काय म्हणतील, म्हणून. दिवसभर गाव ज्याच्या त्याच्या तोंडाने हिरोबद्दलच बोलत होतं. ज्या पोरीच्या बापासाठी खटला उभा राहिला, तिचं आज लग्न आहे, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं; आणि जिच्या ध्यानात होतं ती तिकडे पाठ करून बंगल्याकडे निघाली होती.

बंगल्याची वाट सरळ होती. मावशी डावीकडे वळल्या.

ड्रम वळला म्हणून बँड वळला. बँड वळला म्हणून फोटो वळले, घोषणा वळल्या. गल्ली अरुंद. माणसं आत शिरत गेली आणि मागचे पुढच्यांना रेटत गेले. अध्यक्षाला उशिरा उमगलं. “मावशी! अहो मावशी, इकडे नाही! सरळ!”

“काय?” मावशींनी ठोक्याचा जोर वाढवला. “मला पुढचं काही दिसत नाही, बाबा!”

मास्तरांनी एक डोळा उघडला. गल्ली ओळखली. आणि तो डोळा त्यांनी पुन्हा मिटून घेतला.

परत फिरायला जागा नव्हती. हॉलचं छोटं अंगण आलं तेव्हा मावशी थांबल्या. पट्टे सैल करून ड्रम थोडा खाली घेतला आणि समोर पाहिलं. दारात लग्नाची माणसं उभी होती, हातात ताटं तशीच धरून. मधे नवरी, नवरदेव, आणि वहिनी. इकडे काठ्यांवर पन्नास ठिकाणी हिरो हसत होता. वाजवणं थांबलं. घोषणा देणारी पोरंही एकेक करून गप्प झाली. नवरी कोणाची लेक आहे, हे आता सगळ्यांना समजलं होतं.

टीव्हीवाली बाई कोपराने वाट काढत पुढे आली आणि तिने वहिनींच्या तोंडापुढे माइक धरला. “निकालावर तुमची प्रतिक्रिया?”

वहिनींनी माइककडे पाहिलं, फोटोंकडे पाहिलं. मग मावशींकडे पाहिलं. मावशींना वाटलं, आता ही म्हणणार, मावशी, तुम्हीसुद्धा?

“प्रतिक्रिया मी वरच्या कोर्टात देणार आहे,” वहिनी म्हणाल्या. “अपिलाचं वकिलांशी बोलणं झालंय. मी सोडणार नाही. पण आज माझ्या पोरीचं लग्न आहे. तुम्ही जरा बाजूला व्हा बघू, नवरी झाकली जातेय.”

टीव्हीवाली खरोखर बाजूला झाली.

अध्यक्ष घामाघूम झाला होता. “काकू, आम्ही... ते चुकून... बँडच इकडे...”

“चुकून आलात की कसे, ते मावशींशी मी नंतर बघून घेईन. आता दारात आलायत तर बिनजेवता जायचं नाही. फक्त ती तोंडं तेवढी भिंतीकडे करून ठेवा.”

काही पोरं कुरकुरत, फोटो खांद्यावर टाकून, गर्दी चिरत निघून गेली. एक जण जाताना थुंकला. पण बरीच थांबली. काठ्या एकेक करून भिंतीला टेकल्या, हिरोची तोंडं विटांना लागली. अध्यक्ष सगळ्यात शेवटी उरला. त्याने केसांतून हात फिरवला, फोटोकडे पाहिलं, नवरीकडे पाहिलं, आणि कोणी काही सांगायच्या आत कोपऱ्यातल्या खुर्च्या उचलून मांडायला लागला. खुर्च्या मांडणं त्याच्या चांगलं अंगवळणी पडलेलं होतं. मंडळात त्याने दुसरं काय केलं होतं?

पण कोणी वाजवेना, कोणी हसेना. मास्तर क्लॅरनेट हातात घेऊन मावशींकडे बघत होते आणि मावशी वहिनींकडे. तेवढ्यात नवरीने पायातल्या चपला भिरकावल्या, अंगणाच्या मध्यावर आली आणि आईला म्हणाली, “आई, आता आलाच आहे ना बँड?”

वहिनी म्हणाल्या, “लोक काय म्हणतील गं?”

“लोक इथेच आहेत. विचार की त्यांना!”

बेकरीवाली, जी मिरवणुकीच्या मागोमाग नुसती मजा बघायला आली होती, ती मागून ओरडली, “लोक म्हणतात, वाजवा!” कोणीतरी हसलं. मग दोघं, मग सगळं अंगण. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली.

मग जे वाजलं ते त्या बँडने आजवर वाजवलं नव्हतं. मास्तरांनी चक्क दोन्ही डोळे उघडे ठेवून क्लॅरनेट वाजवलं. नवरी नाचली, नवरदेव तिच्याभोवती गिरकी घ्यायला गेला आणि स्वतःच्याच पायात अडकून पडला, त्याला उठवायला अध्यक्ष धावला आणि तोही नाचातच सापडला. वर वहिनींच्या गॅलरीत कोणीतरी दिव्यांची माळ पेटवली. मास्तरांचा फोन खिशात वाजत राहिला, बंगल्यावरून असणार. टीव्हीवाल्यांनी नंतर दाखवलं म्हणतात, हिरो गॅलरीत उभा, हात जोडलेले, आणि खाली रिकामा रस्ता.

मावशींचे दंड भरून आले होते, पण हात थांबत नव्हते. वहिनी गर्दीतून त्यांच्याजवळ आल्या आणि ड्रमच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, म्हणजे मावशींना दिसाव्यात अशा.

“मावशी, मुद्दाम वळलात ना?”

“खोटं कशाला बोलू? मुद्दाम.”

“मग आधीच का नाही वळलात हो? सकाळपासून पोरगी तोंड पाडून बसली होती. मलाच हिंमत होत नव्हती.”

मावशींनी हातातला ड्रमचा दांडका पुढे केला. “घ्या. मारा एक.”

“मी? छे, मला कुठे येतंय!”

“यायचंय काय त्यात? गोल आहे, मोठा आहे, चुकायचा नाही.”

वहिनींनी दांडका धरला, दोन्ही हातांनी, कुऱ्हाड धरावी तसा. पहिला ठोका इतका हळू पडला की मास्तरांनाही कळला नाही.

“वहिनी, दार वाजवायचं नाहीये,” मावशी म्हणाल्या. “लग्न आहे.”

वहिनींनी एकदा लेकीकडे पाहिलं. ती केस सुटलेली, घामाने भिजलेली, हसत होती. मग त्यांनी दात-ओठ खाऊन, सगळा जोर लावून असा ठोका हाणला की गल्लीतली कबुतरं उडाली, मावशी ड्रमसकट एक पाऊल मागे सरकल्या आणि अंगणभर टाळ्या झाल्या. वहिनी दचकून स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अजून एक मारते.”